शाळेची खोली गळते : कलेक्टरकडे जायचं की सीईओंकडे?

पायथ्याची_ताई :
सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. जिल्हा परिषद शाळेची एक खोली गळते, मुलं व्हरांड्यात बसतात. ग्रामपंचायत सदस्य म्हणून ग्रामसभेचा ठराव घेऊन मी कलेक्टर ऑफिसला गेले. तिथे सांगितलं, हा जिल्हा परिषदेचा विषय. जिल्हा परिषदेत म्हणाले, निधी नियोजनकडून येतो. दोन्ही साहेब आयएएस. मग जिल्हा चालवतं कोण?

धुळेकर_आबा :
ताई, माझी सगळी नोकरी पंचायत विभागात गेली, विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुम्हाला दोन्हीकडे खरंच सांगितलं. शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावरस्ते सीईओंकडे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. जमीन, सातबारा, निवडणूक कलेक्टरकडे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव कलेक्टर, म्हणून पैशाची वाट तिकडून येते.

ही दोन घरं मुद्दाम वेगळी ठेवलीत. कलेक्टरच जिल्हा परिषदेचा अध्यक्ष असावा, असं पंचायत राज कसं असावं हे सुचवणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचं म्हणणं होतं. आपल्या राज्याच्या वसंतराव नाईक समितीने ते मानलं नाही. अध्यक्ष लोकांतून आलेला आणि कारभाराला कलेक्टरच्या तोलाचा सीईओ, असा १९६१ चा कायदा झाला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

सर्वसाधारण सभेला मी फायली घेऊन मागे बसायचो. एखाद्या गटातून निवडून आलेला सदस्य उठून विचारायचा, माझ्या गावच्या शाळेचं अंदाजपत्रक कुठे अडलं? शिक्षणाधिकाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागे. त्या धाकाने आदल्या रात्रीपर्यंत टिपण्या तयार व्हायच्या! एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांनी ठराव केला तर शासनाला सीईओंना परत बोलवावंच लागतं, एवढी ताकद त्या सभेला कायद्याने दिली आहे.

मार्च २०२२ मध्ये जळगावसह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, नव्या निवडणुका झाल्या नाहीत आणि सीईओच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. अधिकारी कितीही प्रामाणिक असो, मला हे पटत नाही. तुमच्या शाळेबद्दल विचारायला सभागृहात माणूसच राहत नाही.

नंदुरबारचा_भाऊ :
आबा, आमचा अनुभव वेगळा आहे. कोरोनात कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड यांनी वेळेआधी ऑक्सिजन प्रकल्प उभे केले. ते साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, आपल्याच मातीतले. सभा-ठरावांची वाट पाहिली असती तर माणसं गेली असती.

धुळेकर_आबा :
भाऊ, त्या कामाला माझाही नमस्कार. पण ती आपत्ती होती आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने तेव्हा कलेक्टरला मोठे अधिकार मिळतात. त्याच कायद्यात जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचा सहअध्यक्ष लोकांनी निवडलेला असतो, हेही बघा. शाळेचं छप्पर दर पावसाळ्याला गळतं. तिथे रोज विचारणारा हवा.

पायथ्याची_ताई :
आबा, मग आता मी काय करू?

धुळेकर_आबा :
ठरावासोबत केंद्रप्रमुखांचा अहवाल जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि आवक क्रमांक घ्या. प्रत सीईओंना, एक जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना. बांधकामच्या उपअभियंत्यांकडून खोली दुरुस्तीची की पाडायची हे आधी लेखी घ्या. पाडायची असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे जुनी खोली दप्तरातून कमी करण्याचा, प्रस्ताव वेगळा जातो आणि तो झाल्याशिवाय नवी खोली मागता येत नाही.