मदत हवी आहे: आजोबांची लढाईतली पत्रं आणि एक मोडी कागद

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा १९४१ ला मराठा पलटणीत भरती झाले आणि १९४६ ला घरी परतले. आत्याच्या ट्रंकेत त्यांची अकरा पत्रं निघाली. आत्या आता ८५ च्या पुढे आहे. वडील परत आले तेव्हा ती त्यांना ओळखत नव्हती, चार दिवस चुलीमागे लपून बसायची. तिला एकच जाणून घ्यायचंय, "अण्णा तेव्हा नक्की होते कुठं?" आजी विचारल्यावर नुसतं "बसऱ्याकडं" म्हणायची, पण ती समुद्रापलीकडच्या सगळ्यालाच बसरा म्हणायची. घरात इटली स्टार पदक आहे, म्हणजे बहुतेक इटलीत असावेत.

पत्रांत गावाचं नाव कुठेच नाही. "आम्ही खुशाल आहोत, काळजी करू नये" हे प्रत्येकात आहे. २ डिसेंबर १९४३ च्या पत्रात "पाऊस फार, नदीला पाणी उतरत नाही" असं आहे आणि पुढच्या दोन ओळी काळ्या शाईने खोडल्यात. पाकिटांवर सेन्सॉरचा शिक्का आणि एफपीओ असा नंबर आहे. आजोबा लढाईबद्दल बोलत नसत. फक्त "नामदेव जाधव आमच्या पलटणीतला" हे अभिमानाने सांगायचे.

दोन कागद तर तळहाताएवढे, गुळगुळीत, पत्राचा फोटो काढल्यासारखे आहेत. हे काय असावं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एक पत्र आजोबांचं नाही, आजीचं आहे. गावच्या कुळकर्ण्यांकडून लिहवून घेतलेलं, मोडीत. आजोबांनी ते तिकडून जपून परत आणलं. खाली जांभळ्या शाईत अंगठा उठवलाय. साध्या पत्राला अंगठा कशाला? आमच्या घरात मोडी कोणालाच येत नाही. पहिल्या पानाचा फोटो टाकतेय. घड्यांवर कागद फाटायला लागलाय, टेप लावू का?

प्रतिसाद १

ताई, आधी शेवटचं: टेप अजिबात नको, लॅमिनेशनही नको. डिंक कागदात उतरतो आणि मग काही करता येत नाही. घड्या उलगडून, आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, उन्हापासून लांब. आणि आजच दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढून ठेवा.

एफपीओ म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस. तो नंबर गावाचा नसतो. ते टपालघर फौजेबरोबर पुढे सरकायचं. त्यामुळे नंबर आणि तारीख मिळून जागा काढावी लागते. टपाल तिकिटं जमवणाऱ्यांनी अशा याद्या केलेल्या आहेत.

तळहाताएवढे कागद बहुधा एअरग्राफ. विमानात टपालाला जागा कमी, म्हणून पत्राचा मायक्रोफिल्मवर फोटो घ्यायचे, फिल्म विमानाने जायची आणि इकडे कागदावर छाप काढून वाटायचे. १९४१ ला कैरोहून ही सेवा सुरू झाली.

नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी जो पराक्रम केला त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. ती बटालियन ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीला हीच डिव्हिजन सांग्रो नदीवर लढत होती. पावसाने नदी फुगून पूल वाहून गेले होते. तुमच्या पत्रातली नदी ती असू शकते. पण खेड्यात अख्ख्या रेजिमेंटलाही "पलटण" म्हणतात, म्हणून एवढ्यावरून ठरवू नका. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात शिपाई नंबर असतो. तो घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा.

प्रतिसाद २

मोडी वाचते मी. फोटोत कडेचे शब्द गेलेत, तरी एवढं लागलं:

"…साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व ठीक. तांबडा बैल ठेविला आहे, विकला नाही. मनीऑर्डर दोन महिने आली नाही. पत्र मागाहून आले तरी चालेल, मनीऑर्डर आली म्हणजे जिवाला कळते. पोर दारात येईल त्या शिपायाला अण्णा म्हणते. हे दुसऱ्या कोणी लिहिले असे समजू नये, खाली अंगठा माझा आहे, मनीऑर्डरवर लावते तोच."

पगारातला काही भाग घरी पाठवायची फौजेत सोय होती. दर महिन्याची ती मनीऑर्डर म्हणजे माणूस जिवंत असल्याची खूण, असं माझ्या आजोळीही सांगायचे. सेन्सॉर पत्रातली ओळ खोडेल, पण पैसे आलेच की! दुसऱ्या पानाचाही फोटो टाका, दिवसा उजेडात, कागदावर काच ठेवून.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्याला फोनवर वाचून दाखवलं. "शिपायाला अण्णा म्हणते" इथं ती थांबली, म्हणाली, पोस्टमनच्या खाकी कपड्यांमुळे असेल गं. मग बैलाची ओळ पुन्हा वाचायला लावली. तो बैल तिला आठवतो, एक शिंग मोडलेला.

शिपाई नंबर चार पाकिटांवर स्पष्ट आहे. बेळगावला अर्ज लिहायला घेतलाय. दुसऱ्या पानाचा फोटो उद्या सकाळी टाकते.