रेड सॉक्सच्या जिमी फंडाला दिलेली देणगी कोणापर्यंत पोहोचते?

प्रश्न – नवखा_बॉस्टनकर

सप्रेम नमस्कार. रेड सॉक्स या इथल्या, बॉस्टनच्या बेसबॉल संघाच्या पुढाकाराने जिमी फंडासाठी आमच्या कार्यालयात वर्गणी गोळा केली जात आहे. कर्करोगाने आजारी मुलांसाठी म्हणून द्यावेसे वाटते. मात्र हा पैसा संशोधनाला जातो की आईवडिलांच्याही काही उपयोगी पडतो, हे आधी समजून घ्यायचे आहे. शिवाय एवढा श्रीमंत संघ लोकांपुढे हात का पसरतो, हेही उमगत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद – केंब्रिजकर

हा फंड संघाच्या मालकीचा नाही. तो डेना-फार्बर कर्करोग संस्थेचा आहे आणि त्यातून मुलांबरोबरच प्रौढ रुग्णांचे उपचार व संशोधन यांनाही पैसा मिळतो, हे देण्यापूर्वी लक्षात घ्यावे. त्याची सुरुवात १९४८ साली झाली. मेन राज्यातला आयनार गुस्टाफसन हा बारा वर्षांचा मुलगा या संस्थेचे संस्थापक डॉ. सिडनी फार्बर यांच्याकडे उपचार घेत होता. त्याचे खरे नाव उघड होऊ नये म्हणून त्याला 'जिमी' म्हटले गेले आणि रेडिओच्या एका कार्यक्रमात बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले. त्याला सामने पाहायला दूरचित्रवाणी संच हवा होता. श्रोत्यांनी संच तर दिलाच, वर दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. १९५३ मध्ये ब्रेव्ह्ज मिलवॉकीला निघून गेले, तेव्हा रेड सॉक्सने हे काम उचलले आणि आजतागायत सोडलेले नाही. टेड विल्यम्स यांच्यासारखा दिग्गज फलंदाज कित्येक वर्षे मुलांना भेटायला जात असे, तेही गाजावाजा न करता. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे, असे मला वाटते: संघाच्या तिजोरीपेक्षा त्याच्या शब्दाला मिळणारा लोकांचा प्रतिसाद मोठा आहे. २००२ पासून दरवर्षी होणाऱ्या रेडिओ-दूरचित्रवाणी कार्यक्रमात सामन्याच्या समालोचनाबरोबर रुग्ण आणि त्यांचे आईवडील स्वतः बोलतात, आणि ऐकणारा देणगी देतो. 'जिमी' पुढे पूर्ण बरा झाला, ट्रक चालवून त्याने संसार केला आणि १९९८ मध्ये तो पुन्हा जगासमोर आला.

प्रतिसाद – औषधशास्त्राचा_विद्यार्थी

संशोधनाला गेलेला पैसा कुटुंबाला मिळाला नाही, असे कृपया समजू नये. फार्बर यांनी १९४८ साली ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या सोळा मुलांवरील उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहा मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला होता. त्यासाठीचे अमिनोप्टेरिन हे औषध आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या काळी ल्युकेमिया झालेले मूल वाचतच नसे. आज लहान मुलांमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियात, चांगल्या सोयी असलेल्या देशांत, दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात.

प्रतिसाद – परळकर

वरील सर्व मान्य आहे. तरी प्रश्नकर्त्यांच्या मनातली शंका रास्त आहे, कारण औषधाबाहेरचा खर्चच पुष्कळदा घर मोडतो. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर चटई टाकून, उशाशी फाइल ठेवून झोपलेले आईवडील मी पाहिले आहेत. वडिलांची मजुरी बुडालेली असते, धाकटे भावंड गावी आजीकडे असते, आणि केमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये गावी जाऊन परत यायला भाड्याचे पैसे नसतात. अशा वेळी राहायला जागा नाही म्हणून उपचार अर्ध्यावर सोडले जातात, तेव्हा उत्तम औषधही निरुपयोगी ठरते. मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था बाहेरगावच्या अशा कुटुंबांना उपचार चालू असेपर्यंत मोफत निवारा देते. अमेरिकेत विमा असला तरी रजा, प्रवास आणि घरभाडे चुकत नाही. म्हणून वर्गणी अवश्य द्यावी. पण देताना ती बालरुग्ण विभागासाठी आणि शक्य असल्यास कुटुंबांच्या मदतीसाठी राखून ठेवता येईल का, हे फंडाच्या कार्यालयाला लेखी विचारावे.

नवखा_बॉस्टनकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उद्याच तसे पत्र पाठवतो आणि आलेले उत्तर इथे कळवतो.