मदत हवी आहे: वरच्या मजल्यावर दुसरा राउटर – केबल वॅनला की लॅनला?

जिन्याखाली
घर दुमजली, भिंती चिऱ्याच्या, मध्ये स्लॅब. फायबरचा ओएनटी (फायबरची तार येते तो डबा; वाय-फायवाला, कंपनीने दिलेला) खालच्या हॉलमध्ये. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. वर मागच्या खोलीत एकच काडी, व्हिडिओ कॉल अडकतो. एक जुना ड्युअल बँड राउटर पडून आहे, म्हणून जिन्यातून साधारण १८ मीटर कॅट ६ केबल वर नेली आहे.

सध्याची जोडणी: ओएनटीचा लॅन २ ते राउटरचा लॅन १ (लॅन म्हणजे घरातली उपकरणं जोडायची पोर्टं, वॅन म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायचं पोर्ट). राउटरची सेटिंग फॅक्टरीतून आली तशीच. वर कधी नेट चालतं, कधी ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. १९२.१६८.१.१ उघडलं की कधी ओएनटीचं पान येतं, कधी राउटरचं. खालचा टीव्हीही अधूनमधून ऑफलाइन जातो. केबल वॅनला लावली तर वर नेट अजिबात नाही.

वरच्या लॅपटॉपवरून खालच्या वाय-फाय प्रिंटरवर प्रिंट काढता आली पाहिजे. केबल नक्की कुठे लावायची? आणि दोन्हीकडे वाय-फायचं नाव एकच ठेवू का?

खटपट्या
केबल लॅनलाच राहू द्या, जोडणी बरोबर आहे. सेटिंग बदलायची राहिली आहे.

आत्ता दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि दोघंही डीएचसीपी (प्रत्येक उपकरणाला आयपी म्हणजे जाळ्यातला पत्ता आपोआप वाटायची सोय) चालवताहेत. एकाच एसटीत दोन कंडक्टर त्याच सीट नंबरांची तिकिटं फाडताहेत, असा प्रकार. ज्या मोबाइलला वरच्या राउटरकडून आयपी मिळतो त्याला गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार) म्हणूनही तोच राउटर मिळतो, आणि त्याच्या वॅनमध्ये काहीच नाही. म्हणून ‘नो इंटरनेट’. टीव्हीचंही तेच.

वॅनला लावल्यावर का चालत नाही? वॅनवर ओएनटीकडून १९२.१६८.१.काहीतरी येणार आणि राउटरचं आतलं जाळंही १९२.१६८.१ चंच. दोन्ही बाजूंना एकच सबनेट (पत्त्यांचा गट) असेल तर पॅकेट कुठे पाठवायचं ते राउटरला ठरवता येत नाही.

आता हे याच क्रमाने करा, क्रम चुकला तर स्वतःच्याच राउटरच्या बाहेर अडकाल:

१. ओएनटीची केबल काढा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो केबलने राउटरच्या लॅनला जोडा.
२. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये आयपी १९२.१६८.१.२ करा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच. सेव्ह केल्यावर बहुतेक राउटर रीस्टार्ट होतात.
३. १९२.१६८.१.२ वर पुन्हा लॉगिन करून वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि चॅनल भरा.
४. सगळ्यात शेवटी डीएचसीपी सर्व्हर बंद करा.
५. ओएनटीची केबल परत लॅन १ ला. वॅन रिकामा.
६. वरचे मोबाइल-लॅपटॉप, खालचा टीव्ही आणि प्रिंटर एकदा बंद-चालू करा, नाहीतर जुनाच आयपी धरून बसतील.

ओएनटीचा डीएचसीपी पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) कुठून सुरू होतो ते मात्र आधी बघा. १९२.१६८.१.२ पासूनच असेल तर तो १० पासून करा. नाहीतर एखाद्या दिवशी कुठल्यातरी मोबाइलला नेमका २ नंबर मिळेल आणि पुन्हा हीच रड.

तारेवरची_कसरत
राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (राउटर पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पसरवतो) आहे का तेही बघा. असेल तर वरची यातायात वाचते. त्या मोडमध्ये डीएचसीपी आपोआप बंद होतो आणि केबल सहसा वॅनलाही चालते. फक्त बहुतेक राउटर मग स्वतःचा आयपी ओएनटीकडून घेतात, त्यामुळे जुन्या पत्त्यावर पान उघडत नाही. ओएनटीच्या कनेक्टेड डिव्हाइसच्या यादीत नवा पत्ता दिसेल.

मधला_मार्ग
सेटिंगमध्ये एवढं शिरायची गरज नाही. राउटरचा लॅन आयपी १९२.१६८.२.१ करा, केबल वॅनला लावा, काम झालं.

खटपट्या
नेट चालेल, पण डबल नॅट होईल, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल राउटरवर एकदा आणि ओएनटीवर परत एकदा. वरून खालचा प्रिंटर आयपी टाकला तर सापडेल, यादीत आपणहून दिसणार नाही, कारण शोधाचे ते संदेश सबनेट ओलांडत नाहीत. खालून वरचं तर काहीच दिसणार नाही. भाडेकरूला वेगळं जाळं द्यायचं असेल तर काही अंशी ठीक. प्रिंटर हवा असताना नको.

तारेवरची_कसरत
नावाबद्दल: नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटी (डब्ल्यूपीए२, एईएस) दोन्हीकडे तंतोतंत सारखी ठेवा. चॅनल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर खाली १, वर ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केलीत तर शेजाऱ्यांचाही गोंधळ आणि तुमचाही. ५ गिगाहर्ट्झवर खाली ३६, वर १४९.

तरीही जिना चढून वर गेल्यावर मोबाइल खालच्याच सिग्नलला चिकटून राहू शकतो. कुठे जोडायचं हे मोबाइल ठरवतो, राउटर नाही. ओएनटीची ट्रान्समिट पॉवर हाय असेल तर मीडियम करून बघा. पॉवर वाढवून उपयोग नसतो. राउटर ओरडेल, पण मोबाइलचा आवाज स्लॅबमधून परत यायला नको का?

जिन्याखाली
झालं! प्रिंटर वरून दिसतो, टीव्हीही स्थिर आहे. ॲक्सेस पॉइंट मोड नव्हता, हातानेच केलं. एक शंका: खाली २९० च्या आसपास स्पीड येतो, वर राउटरला केबलने लॅपटॉप जोडूनही ९४ च्या वर जात नाही.

खटपट्या
९४ म्हणजे कुठेतरी लिंक १०० एमबीपीएसवर बसली आहे. राउटरवर १०/१०० लिहिलं असेल तर विषय संपला, त्यातून याहून जास्त निघणार नाही.

पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) असतील तर क्रिंपिंग, म्हणजे कनेक्टरमध्ये तारा नीट दाबल्या आहेत का ते बघा. १०० ला चारच तारा पुरतात (१, २, ३, ६), गिगाबिटला आठही लागतात. ४-५ किंवा ७-८ पैकी एक जरी तार नीट दाबली गेली नसेल तर नेट चालू राहतं, पण स्पीड गुपचूप १०० वर येतो. दोन्ही टोकांना टी५६८बी हा रंगांचा ठरलेला क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. साधा एलईडीवाला टेस्टर लावा, आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत.

जिन्याखाली
राउटर गिगाबिट आहे. टेस्टरवर ७ चा दिवा लागत नाही. वरच्या टोकाचा कनेक्टर कापून नवा लावतो.

तारेवरची_कसरत
कापलेल्या तुकड्यातली तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. स्वस्त असते, पण वळणावर तुटते. जिन्याच्या कोपऱ्यात काटकोनात दाबली असेल तर तिथेच गेली असेल, कनेक्टर बदलून फरक पडणार नाही.

आणि ही केबल लाइटच्या वायरिंगच्या पाइपातून नेली असेल तर आत्ताच वेगळी काढा. स्पीडचा प्रश्न नंतर, २३० व्होल्टच्या तारेचं इन्सुलेशन गेलं तर करंट थेट राउटरच्या बॉडीपर्यंत येईल.

खटपट्या
राउटरच्या मागे पट्टी चिकटवून त्यावर ‘१९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद, रीसेट करू नये’ असं लिहून ठेवा. नेट गेलं की घरातलं कुणीतरी टाचणी घेऊन रीसेट दाबतंच, आणि डीएचसीपी परत चालू होतो.