'सीर'ला मराठीत काय म्हणाल? आहेर, आंदण की बाळंतविडा?

रानजाई: भारतीराजाच्या 'किळक्कु चीमैयिले' (1993) या तमिळ चित्रपटाच्या संवादपट्ट्या मराठीत करते आहे. मदुरैकडच्या खेड्यातली बहीणभावाची गोष्ट. राधिका बहीण, विजयकुमार भाऊ. भाऊ आणि नवरा यांच्या वैरात बहीण भरडली जाते. तिच्या लेकरासाठी मामा 'सीर' घेऊन येतो, त्यावर रहमानचं अख्खं गाणं आहे. मी 'मामाचा आहेर' लिहिलं. सोबतच्या बाईंनी ते खोडलं. आहेराची परतफेड होते, सीर माहेरचा मानच असतो, असं त्यांचं म्हणणं. काय लिहू?

घाटावरचा: बाळंतविडा! झबली, टोपडी, दुपटी, बाळंतिणीला लुगडं. सगळं माहेरहूनच येतं की.

चिंचबन: घाटावरचे दादा, बाळंतविडा एकदाच. सीर जन्मभर पुरतं: कान टोचताना, मुलगी वयात आल्यावर, लग्नात. आम्ही मदुरैत राहतो. शेजारी कान टोचायचे होते, तेव्हा बायका फळं, हळदकुंकू, पट्टुसाडी म्हणजे रेशमी साडी, दागिना अशी ताटं घेऊन ओळीनं आल्या, पुढे वाजंत्री. म्हणून 'सीरवरिसै'. वरिसै म्हणजे रांग. अख्खी गल्ली ताटं मोजत होती. आणि बाळ कुणाच्या मांडीवर? मामाच्या.

घाटावरचा: आमच्याकडे जावळ काढताना तेच!

शब्दकोडं: कानडीत सीरे म्हणजे साडी. सीरमध्ये साडी असतेच. मूळ तिथेच असणार.

चिंचबन: अजिबात नाही. तमिळमध्ये सीर म्हणजे नीटसपणा, शोभा, थाट. कवितेच्या छंदातल्या घटकालाही सीर म्हणतात. तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ काव्याच्या प्रत्येक द्विपदीत सात सीर, पहिल्या ओळीत 4, दुसरीत 3. तिथे साडी कुठून आणणार?

आडवाट: मुळात शब्द बदलायचाच कशाला? 'सीर'च ठेवा. दोन प्रसंगांत प्रेक्षकाला कळतं. इडली-सांबाराचं आपण भाषांतर केलं का?

शब्दकोडं: मग संवादपट्ट्या हव्यात कशाला? आहेर चांगला मुरलेला शब्द आहे. 'माहेरचा आहेर' म्हटलं की परतफेडीचा प्रश्नच येत नाही. आंदण मात्र नको, ते लग्नातलं.

रानजाई: 'माहेरचा आहेर' गाण्यात बसेल, पण त्यात मामा हरवतो. शिवाय पुढे अडचण आहेच. तमिळमध्ये आत्या आणि सासू दोघी 'अत्तै', मामा आणि सासरा दोघे 'मामा'. बहीणभावाच्या मुलांचं लग्न ठरवायची बोलणी असली की नुसतं 'सासू' लिहून भागत नाही.

घाटावरचा: ताई, आत्याच लिहा! आमची आई सासूला आत्याच म्हणायची, सासऱ्यांना मामंजी. मामाची मुलगी करायची रीतच होती, म्हणजे सुनेला सासू आत्याच लागणार.

आडवाट: बरोबर. इरावती कर्व्यांनी 1953 च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया'त महाराष्ट्राला उत्तर-दक्षिणेच्या मधला पट्टा म्हटलंय. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, आत्याची बऱ्याच जातींत चालत नाही. तमिळ मुलखात अनेक जातींत दोन्ही चालतात.

शब्दकोडं: पण आत्या हा शब्द द्राविडी म्हणू नका. संस्कृतात 'अत्ता' आहे.

चिंचबन: आणि तो संस्कृतात कुठून आला? कानडीत अत्ते, तेलुगूत अत्त, तमिळमध्ये अत्तै. एवढ्या सगळ्यांनी उसना घेतला?

घाटावरचा: ते राहू द्या. आत्याच्या नवऱ्याला तुम्ही काय म्हणता? आम्ही मामाच म्हणतो.

आडवाट: आमच्याकडे आतोबा.