बलेनो एएमटी की आय-२० आयव्हीटी? नागपूरच्या वापरासाठी सल्ला हवा

हिंगणा_शिफ्ट
नमस्कार मंडळी. पेट्रोल आणि ऑटोमॅटिक एवढं पक्कं आहे. छाटत छाटत यादी दोनवर आली: मारुती बलेनो (झेटा किंवा अल्फा, एएमटी) आणि ह्युंदाई आय-२० (स्पोर्ट्झ किंवा अस्टा, आयव्हीटी).

वापर असा: मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी रोज जाणं-येणं, अधूनमधून संध्याकाळी बर्डी-इतवारीची गर्दी, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगर. बहुतेक वेळा गाडीत तिघं, सणावाराला पाच. त्यात आई-बाबा सत्तरीच्या पुढचे. पार्किंग उघड्यावर.

एएमटी आणि आयव्हीटी या दोन ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांत रोजच्या वापरात नेमका काय फरक पडतो? मे महिन्यात एसी पुरतो का? आणि १६ इंची चाकं आपल्या सिमेंट रोडवर टिकतात का? दोन्ही शोरूमवाले आपापलंच घोडं दामटतात, म्हणून इथे विचारतोय.

क्लचप्लेट
कंपनीचं नाव क्षणभर बाजूला ठेवा. इंजिनं कागदावर जवळजवळ जुळी आहेत. दोन्ही ११९७ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही. बलेनोची ताकद ९० पीएस आणि ओढ (टॉर्क) ११३ एनएम, आय-२० ची आयव्हीटीसोबत ८८ पीएस आणि साधारण ११५ एनएम. हा निर्णय खरं तर गिअरबॉक्सचा आहे.

बलेनोची एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच पाच गिअरचा बॉक्स. क्लचही तोच, कोरडा, एका प्लेटचा. फरक इतकाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम अ‍ॅक्च्युएटर करतो. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान किंचित पुढे जाते. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना हे सगळ्यात जास्त जाणवतं. त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय थोडा हलका केला की झटका बराच कमी होतो. ओव्हरटेक करायचा असेल तर आधी लिव्हर मॅन्युअलला सरकवून एक गिअर खाली घ्या, मगच लेन सोडा. पाय दाबून गिअर आपोआप पडायची वाट पाहिली तर समोरून येणारा ट्रक जवळ आलेला असतो.

एएमटीचा क्लच मरतो तो गर्दीत आणि चढावर. पुलाच्या चढावर रांगेत उभं असताना ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की प्लेट अर्धवट पकडलेली राहते, घासते, तापते. नागपूरच्या उन्हात तर लवकर तापते. चढावर गाडी मागे घसरू न देणारं हिल होल्ड दिलेलं आहे, पण ते दोनेक सेकंदच धरतं. चढावर थांबलं की ब्रेक, निघताना सरळ अ‍ॅक्सिलरेटर, आणि पुढच्या गाडीमागे इंच-इंच न सरकता एका गाडीइतकी जागा झाली की मगच हलायचं. एवढं पाळलं तर क्लच मॅन्युअलइतकाच चालतो. बदलायची वेळ आली तर प्लेट टाकून काम संपत नाही. स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या प्लेटची ओळख, करून घ्यावं लागतं, नाहीतर नव्या प्लेटवरही झटके येतात. गल्लीतल्या गॅरेजला देण्याआधी त्याच्याकडे ती सोय आहे का ते विचारा.

आयव्हीटीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ओढ पुढे देणारा भाग) आहे, पुढे दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा धातूचा पट्टा. ठरावीक गिअरच नाहीत, म्हणून झटकाही नाही. ब्रेक सोडला की गाडी मऊ सरकते. मागे बसणाऱ्या वयस्कर माणसांना हा फरक पहिल्या सिग्नलवरच कळतो. खोट अशी की जोरात पाय दाबला तर इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो. समृद्धीवर १०० वरून १२० ला जाताना हळूहळू दाबत जा, आवाज चढत नाही.

देखभालीत आयव्हीटी कमी त्रासाची, पण बिघडली तर खर्च मोठा. तिचं तेल कंपनीने सांगितलेलंच घाला, दुसरं कुठलंही चालत नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत साध्या आणि कठीण वापराचे देखभालीचे वेगळे तक्ते असतात. आपलं ऊन, धूळ आणि थांबत-थांबत चालणं हा कठीण वापर, तेव्हा तोच तक्ता धरा. गाडी बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढू नका, फ्लॅटबेडच बोलवा.

तुमचा वापर बहुतांश शहरातला आणि सोबत आई-बाबा, म्हणून माझं मत आयव्हीटीला. हीच धाव रोज वर्धा-अमरावतीची असती तर मी एएमटी सांगितली असती.

नारंगी३१
एसीबद्दल सांगतो भाऊ. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हची गाडी सावलीतून काढून सकाळी दहाला देते, त्यात काही समजत नाही. दुपारी दोन-तीनच्या मधात मागा, तेही तासभर उन्हात उभी असलेली. आधी चारही काचा खाली करून मिनिटभर गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा वर, एसी फुल, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) सुरू. दहा मिनिटांनी मागच्या सीटवर स्वतः बसून पाहा. समोर बसून थंड लागते म्हणजे मागेही लागते असं नाही. ज्या व्हेरिएंटचा विचार करून राहिले त्यालाच मागे एसीची जाळी आहे का ते डोळ्यांनी पाहून घ्या, ब्रोशरवर जाऊ नका.

बलेनोत आयडल स्टार्ट-स्टॉप आहे. सिग्नलवर इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसरही थांबते आणि मे महिन्यात अर्ध्या मिनिटात अंगाला घाम फुटते. बटण दाबून ते बंद करता येते, पण दरवेळी गाडी सुरू केल्यावर पुन्हा दाबा लागते. आणि त्या सिस्टिमची बॅटरी वेगळी असते, वारंवार स्टार्ट झेपणारी, ईएफबी नावाची. बदलताना दुकानदाराने साधी स्वस्त टेकवली तर लवकर बसते.

सनरूफसाठी आय-२० ची वरची व्हेरिएंट घ्याल तर आधी विचार करा. उघड्यावर पार्किंग, डोक्यावर काच. आठ महिने आतला पडदा ओढूनच ठेवाल. काचांना फिल्म लावायची तर पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्यांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. मार्क नसलेली काळी फिल्म लावली तर चौकात पावती फाटतेच.

टायरदादा
चाकांचा हिशोब. वरच्या व्हेरिएंटला १९५/५५ आर१६, खालच्यांना १८५/६५ आर१५. पहिल्यात टायरची भिंत १०७ मिलिमीटर, दुसऱ्यात १२० मिलिमीटर. हे १३ मिलिमीटर कमी वाटतात, पण सिमेंट रोड संपून डांबर लागतं तिथली धारदार कड किंवा रस्त्याच्या वर आलेलं गटाराचं झाकण ६० च्या वेगाने लागलं की बारीक भिंतीचा टायर रिमवर चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर बदलावाच लागतो.

दोन्ही मापांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, ६२१ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पुढे कधी १५ इंची रिम टाकली तर स्पीडोमीटर चुकणार नाही. फक्त रिम आत ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना ते बसवून, हाताने फिरवून पाहा. स्पेअर कोणत्या मापाचा दिलाय तेही डिकी उघडून बघाच.

समृद्धीसाठी: हवा थंड टायरवर, घरातून निघताना मोजा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. पाच माणसं आणि सामान असेल तर तोच धरा. टोलनाक्यावर टायर तापलेला असतो, दाब वाढलेला दिसतो आणि लोक हवा काढून टाकतात. नेमकं हेच धोक्याचं. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि तासाला १२० च्या वेगावर फुटतो.

हिंगणा_शिफ्ट
सगळ्यांचे आभार, हे कोणी शोरूममध्ये सांगितलंच नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या: मागची जागा आणि सुरक्षा. आणि अव्हरेजचं काय?

क्लचप्लेट
जागा: आय-२० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २५८० मिलिमीटर, बलेनोचा २५२०. रुंदीही आय-२० ची ३० मिलिमीटरने जास्त. मागे तिघं बसणार असतील तर खांद्याला फरक पडतो. डिकी बलेनो ३१८ लिटर, आय-२० ३११, म्हणजे सारखीच. आई-बाबांना दोन्ही गाड्यांत चढ-उतार करायला लावा, हे टेपने मोजून कळत नाही.

अव्हरेजमध्ये बलेनो सरस. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, एएमटीचा दावा लिटरला २२.९४ किलोमीटर. एसी सतत चालू आणि शहरात थांबत-थांबत जायचं म्हटलं तर कोणत्याही गाडीच्या दाव्यातून एक तृतीयांश वजा करून चाला. टाकी दोन्हींची ३७ लिटर.

सुरक्षेत तुलना सरळ नाही. बलेनोला भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२५ साली मोठ्यांसाठी चार तारे मिळाले. आय-२० ला ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये तीन तारे दिले, पण तेव्हा तपासलेली गाडी दोन एअरबॅगची होती. २०२३ च्या फेसलिफ्टपासून सहा एअरबॅग सगळ्यांना आहेत. तुमच्यासाठी सुरक्षा पहिल्या क्रमांकावर असेल तर बलेनोचं पारडं जड, आणि मग माझं वरचं मत थोडं ढिलं धरा.

मेहाडिया_चौक
कागदाकडे वळा, पैसे तिथेच सुटतात.

गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. आधी सेससकट २९ होता. कोटेशन नव्या दराचंच आहे ना बघा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२. ९.९० लाखांच्या गाडीला १,०८,९०० रुपये, १०.१० लाखांच्या गाडीला १,२१,२००. शिवाय दहा लाखांवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच घेतलेला आयकर), तो मात्र रिटर्न भरताना परत मिळतो. आय-२० ची वरची व्हेरिएंट पाहताना ही रेघ लक्षात ठेवा.

विम्यात थर्ड पार्टी तीन वर्षांची सक्तीची, बाकीचं बाहेरूनही घेता येतं. शोरूमचं कोटेशन आणि बाहेरचं कोटेशन एकाच आयडीव्हीवर (विम्यात धरलेली गाडीची किंमत) मागा, नाहीतर तुलना फसवी ठरते. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) घेतलं म्हणजे इंजिनात पाणी गेलेलंही भरून मिळतं असा अनेकांचा समज आहे. तसं नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं लागतं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा हे बऱ्याच जणांना कळलं. पाण्यात बुडालेली गाडी पुन्हा स्टार्ट मारायची नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा. पाणी सिलिंडरमध्ये असताना स्टार्टर फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हँडलिंग चार्ज खोडायला लावा. अ‍ॅक्सेसरीज पॅकेज सक्तीचं नसतं.

गाडी तपासणी नोंदणीच्या आधी करा, नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळत नाही. फॉर्म २२ वर (कंपनीचं गाडीसोबतचं प्रमाणपत्र) बनवल्याचा महिना पाहा. चारही टायर आणि स्पेअरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायरांच्या तारखा एकमेकांपासून फार लांब असतील तर एखादा बदललाय असं समजा. रंग दिवसाउजेडी, वाकून, कडेने बघा, शोरूमच्या दिव्याखाली छटा कळत नाही. दारांच्या बिजागऱ्यांचे आणि बॉनेटचे बोल्ट पाना लागल्यासारखे घासलेले नकोत. एएमटी असो की आयव्हीटी, यार्डातच रिव्हर्स-ड्राइव्ह चार-पाच वेळा बदलून, प्रत्येक वेळी ब्रेक दाबून ठेवून पाहा. ठक्क आवाज आला तर डिलिव्हरी घेऊ नका, दुसरी गाडी मागा.