प्रतिसाद: सगळं खापर वाऱ्यावर नको
वर कुणीतरी म्हटलंय की शिकाऊ पायलटचं विमान उतरताना रनवेबाहेर जातं ते आडव्या वाऱ्यामुळेच. अर्धंच पटलं. आमच्या वास्कोत दुपारी समुद्रावरून वारा सुटला की दाबोळी विमानतळाच्या पठारावर तो सगळ्यांनाच लागतो की. खरी गोची वेगाची, सेस्ना १७२ ला (शिकाऊंचं छोटं विमान) उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात ६५ नॉट्सच्या (ताशी साधारण १२० किमी) आसपास पुरतात, त्याहून बराच जास्त ठेवला की ते टेकायलाच तयार होत नाही, मग पोरगा घाबरून नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी आपटतं आणि बेडकासारख्या उड्या सुरू. तेव्हा गुपचूप गो-अराउंड करावा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जावं, पण तिथंही एकदम फुल पॉवर दिली की नाक डावीकडे ओढतं, उजवा रडर (शेपटीचं दिशा सांभाळणारं पातं, पायानं चालवतात) दाबायचा राहिला की गेलं गवतात. आणि चाकं टेकली म्हणून रडरवरचे पाय ढिले सोडणारे तर वेगळेच!