मदत हवी आहे : रशियाचं सोयूझ यान की अमेरिकी यानं, भरवसा मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. भाचीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय : माणसं अंतराळात नेण्यात रशिया अमेरिकेपेक्षा भरवशाचा. तिच्याकडे अनुकूल बाजू आलीय आणि मुद्दे काढून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

आकडे मांडायला बसलो आणि गाडी तिथेच अडली. अमेरिकेच्या स्पेस शटलची १३५ उड्डाणं, त्यांत चॅलेंजर (१९८६) आणि कोलंबिया (२००३) गेली, मिळून १४ जीव. सोयूझची माणसांसह दीडशेहून जास्त उड्डाणं, जीवघेणे अपघात तिथेही दोनच. १९६७ला अंतराळवीर कोमारोव्ह गेले, पॅराशूट नीट उघडलं नाही. १९७१ला सोयूझ-११ परतताना झडप उघडली, हवा निघून गेली. तिघांच्या अंगात स्पेससूटच नव्हते, कारण तेवढी जागाच नव्हती. म्हणजे उड्डाणांच्या हिशेबात दोघं जवळपास बरोबरीत! १९७१नंतर सोयूझमध्ये कुणी दगावलं नाही हे खरं, पण तिथून मोजलं तर समोरचे म्हणणारच, सोयीचं साल धरलंत.

खरा घोळ पुढे आहे. १९८३ला बायकोनूर या प्रक्षेपण तळावर सोयूझचं रॉकेट उडण्याआधीच पेटलं. तारा जळाल्यामुळे सुटकेची यंत्रणा आपोआप चालेना, शेवटी नियंत्रकांनी रेडिओवरून आज्ञा दिली. यान वर खेचलं गेलं आणि काही क्षणांत रॉकेट फुटलं. आतले अंतराळवीर तितोव्ह आणि स्ट्रेकालोव्ह वाचले. (हेच स्ट्रेकालोव्ह पुढच्या एप्रिलात राकेश शर्मांबरोबर गेले. काय काळीज असेल!) २०१८ला सोयूझमधले ओव्हचिनिन आणि हेगही असेच बचावले. ही उड्डाणं यशात धरू की अपयशात? शटलला तर अशी सोयच नव्हती. आणि जमिनीवरच्या चाचणीत गेलेले अमेरिकेच्या अपोलो-१चे तिघं?

प्रतिसाद : दादा, दोन रकाने करा. मोहीम पार पडली का, हा एक. माणसं धडधाकट परतली का, हा दुसरा. १९८३ आणि २०१८ पहिल्यात नापास, दुसऱ्यात पास. २०२४चं अमेरिकी यान स्टारलायनरही तसंच : थ्रस्टर (छोटी इंजिनं) रुसले, हेलियम गळला, यान रिकामं आणलं, सुनीता विल्यम्स आणि विल्मोर पुढे ड्रॅगन या दुसऱ्या अमेरिकी यानातून आले. भाचीला एक मात्र बजावून ठेवा, २०२२ला सोयूझ एमएस-२२चं शीतक (यान थंड ठेवणारा द्रव) गळालं आणि बदली म्हणून दुसरं सोयूझ रिकामं पाठवावं लागलं, हे विरोधक काढणारच. अपोलो-१ वेगळा ठेवा. तो धरलात तर १९६१ला प्रशिक्षणात गेलेला सोव्हिएत अंतराळवीर बोंदारेन्कोही धरावा लागेल.